जमैकातल्या बँका कर्ज कुणाला देतात?

जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याला सेंट एलिझाबेथ नावाचा परगणा आहे. बेटाच्या ईशान्येला पोर्टलंडमध्ये धो धो पाऊस आणि इथे कायमची ओढ. माण-खटावच्या माणसाला ही तऱ्हा समजावून सांगावी लागणार नाही. इथला शेतकरी गिनी गवत कापून आणतो, लाल मातीवर त्याचं जाड आच्छादन घालतो आणि त्याखाली धरून ठेवलेल्या ओलीवर कांद्याची पात, टोमॅटो, कलिंगड, थाईम काढतो. किंग्स्टनच्या बाजारात येणाऱ्या भाजीपाल्याचा मोठा भाग याच कोरड्या पट्ट्यातून येतो. पण देशातल्या बँकांचं कर्जवाटप क्षेत्रवार मांडलेला तक्ता उघडला तर शेतीचा वाटा शोधावा लागतो, इतका तो किरकोळ आहे. गाड्यांची कर्जं, घरांची कर्जं, कार्डावरची उधारी, हॉटेलं, व्यापार हे सगळं ठळक दिसतं. गवत अंथरणारा माणूस त्यात जवळजवळ दिसतच नाही.

हे आजचं नाही, आणि केवळ व्याजदर चढे होते म्हणूनही झालेलं नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत जमैकाने सरकारी कर्ज ज्या चिकाटीने कमी केलं, त्याचं जगभर कौतुक झालं आणि ते रास्तच आहे. त्या काळात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. सरकारने उसनवारी थांबवली की बँकांचा पैसा आपोआप उत्पादकांकडे वळेल. पैसा वळला, पण उत्पादकांकडे नाही. माझं म्हणणं असं की सरकारने बाजूला होणं ही निम्मीच वाट होती. उरलेली निम्मी चालायची तर बँक तारण म्हणून काय मानते आणि काय मानत नाही, या जुन्या प्रश्नाला हात घालावा लागेल. तो प्रश्न गुलामगिरीच्या अखेरीपासूनचा आहे.

१ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये 'उमेदवारी' म्हणजे काम शिकण्याच्या नावाखालची सक्तीची मजुरीही बंद झाली. ब्रिटिश संसदेने २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती मिळाली मालकांना. जमैकात तीन लाखांहून जास्त माणसं गुलामीतून सुटली, त्यांच्या हातात एक पेनीही पडली नाही. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अवशेष ब्रिटनच्या तिजोरीने फेडला तो २०१५ मध्ये. भरपाईचा हा पैसा वसाहतींत फिरू लागण्याच्याच सुमारास, १८३६ मध्ये, लंडनमध्ये कलोनियल बँकेला राजसनद मिळाली आणि पुढच्या वर्षी तिने वेस्ट इंडिजमध्ये व्यवहार सुरू केला. या सनदेत एक अट होती: जमिनीच्या तारणावर कर्ज द्यायचं नाही. बँकेचा धंदा हुंड्यांचा, म्हणजे साखर आणि रम जहाजावर चढली की तिच्या कागदावर पैसे द्यायचे. लंडनच्या भागधारकांच्या दृष्टीने अट शहाणपणाची होती, कारण साखरमळे आधीच गहाणांनी वाकलेले होते. पण तिचा अर्थ असा झाला की बेटावरची पहिली मोठी बँक पीक बंदरात पोचल्यावर दार उघडणारी होती. पेरणीच्या वेळी पैसा कुठून आणायचा, हे तिच्या कामातच नव्हतं.

१८८९ मध्ये बँक ऑफ नोव्हा स्कोशिया किंग्स्टनला आली. टोरोंटोत शाखा काढण्याआधी या बँकेने किंग्स्टनला काढली, आणि त्याचं कारण मासळी. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून खारवलेला कॉड मासा आणि लाकूड जमैकाला यायचं, परतीच्या गलबतात साखर आणि रम जायची. आजही अकी नावाचं फळ आणि खारा मासा हे जमैकाचं राष्ट्रीय जेवण आहे. त्या ताटातला मासा या बेटाचा नाही आणि त्या व्यापाराला पैसा पुरवणारी बँकही या बेटाची नव्हती. पुढे केळ्यांचा व्यापार वाढला, बँकही वाढली. कर्जाचा मार्ग मात्र बंदर, गोदाम आणि व्यापाऱ्याची पेढी असाच राहिला.

मग मुक्त झालेल्या माणसांनी काय केलं? त्यांनी बँकेची वाट पाहिली नाही. बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी मळेवाल्यांना पत्ता लागू न देता जमिनी घ्यायच्या, त्यांचे तुकडे पाडायचे आणि कुटुंबांनी साठवलेल्या पैशातून ते विकत घ्यायचे, अशी 'मुक्त गावं' उभी राहिली. जेम्स फिलिपो यांनी १८३५ मध्ये वसवलेलं स्लायगोव्हिल हे त्यांतलं पहिलं. आणि पैशाच्या रोजच्या गरजेसाठी होतं 'पार्टनर'. दहा-वीस माणसं ठरलेली रक्कम दर आठवड्याला एका विश्वासू बाईकडे टाकतात. तिला 'बँकर' म्हणतात, टाकलेल्या रकमेला 'हँड'. जमा झालेली सगळी रक्कम दर आठवड्याला एकेकाला मिळते, तिला 'ड्रॉ' म्हणतात. मराठी वाचकाला आणखी काही सांगायला नको, ही आपली भिशी. १९४८ नंतर जमैकातून ब्रिटनला गेलेल्या लोकांना तिथल्या बँका आणि गृहकर्ज संस्था दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा लंडन आणि बर्मिंगहॅममध्ये अनेकांनी पहिल्या घराची सुरुवातीची रक्कम पार्टनरमधूनच उभी केली. हप्ता चुकवला तर चर्चमध्ये, गल्लीत, नात्यात तोंड दाखवायला जागा नाही, एवढंच त्याचं तारण. या माणसांची परतफेडीची शिस्त कधीच कच्ची नव्हती. बँकेच्या वहीत ती लिहायला रकाना नव्हता.

स्वातंत्र्य १९६२ मध्ये आलं. मध्यवर्ती बँक त्याआधीच, १९६० च्या कायद्याने स्थापन झाली होती. पहिल्या दशकात बॉक्साइट आणि पर्यटनाने अर्थव्यवस्था वाढली, पण या दोन्हींचं मोठं भांडवल बाहेरून यायचं. पंतप्रधान मायकेल मॅनली यांच्या सरकारने सत्तरच्या दशकात दोन मोठी पावलं टाकली. १९७६ मध्ये नॅशनल हाउसिंग ट्रस्ट काढला. पगारदाराच्या पगारातून दोन टक्के, मालकाकडून तीन टक्के, आणि त्यातून स्वस्त गृहकर्ज. पुढच्या वर्षी बार्कलेज बँकेचा जमैकातला व्यवसाय सरकारने विकत घेतला आणि नॅशनल कमर्शियल बँक जन्माला आली. ही बार्कलेज म्हणजे १९२५ मध्ये कलोनियल बँकेला पोटात घेतलेली बँक. १८३६ ची ती सनद अशी फिरत फिरत जमैकाच्या सरकारच्या हाती आली. हेतू चांगला होता. पण त्याच वर्षी सरकार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभं होतं आणि ज्याला स्वतःलाच रोज पैसा लागतो, त्याच्या मालकीची बँक आधी मालकाची गरज भागवते.

नव्वदच्या दशकापाशी मात्र थांबायला हवं. आज जमैकातली बँक अशी का वागते, याचं निम्मं उत्तर त्या दहा वर्षांत आहे.

सप्टेंबर १९९१ मध्ये परकीय चलनावरची बंधनं उठवली गेली. जमैकन डॉलर कोसळला, त्या वर्षी महागाई ८० टक्क्यांवर गेली. त्याच वेळी वित्तक्षेत्र मोकळं केलेलं होतं, देखरेख मात्र जुन्याच काळातली. नव्या देशी बँका निघाल्या, त्यांच्याशी जोडलेल्या विमा कंपन्या निघाल्या. किंग्स्टनमध्ये आपला माणूस आपल्या माणसाच्या बँकेत गेला, याचा लोकांना अभिमान होता आणि तो मी समजू शकतो. दीडशे वर्षं परक्या काउंटरसमोर उभं राहिल्यावर तो वाटणारच. पण विमा कंपन्या थोड्या मुदतीची, मोठ्या परताव्याची पॉलिसी विकून तो पैसा जमिनी, इमारती आणि हॉटेलांत घालत होत्या. बँका आपल्याच समूहातल्या कंपन्यांना कर्ज देत होत्या. महागाई आवरायला मध्यवर्ती बँकेने व्याज ताणलं, सरकारी हुंड्यांचे, म्हणजे सरकारच्या थोड्या मुदतीच्या उसनवारीचे दर चाळीस-पन्नास टक्क्यांच्या घरात गेले आणि मालमत्तेचे भाव बसले. आता विमा मागे घ्यायला आलेल्याला द्यायला पैसा नाही, कारण तो अर्धवट बांधलेल्या इमारतीत अडकलेला. १९९६ मध्ये सेंच्युरी नॅशनल बँक सरकारने ताब्यात घेतली. जानेवारी १९९७ मध्ये बुडत्या संस्था सावरायला 'फिनसॅक' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ठेवीदारांचा पैसा वाचला. त्याची किंमत देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास ४० टक्के पडली.

लोकांच्या बोलण्यात 'फिनसॅक' हे क्रियापद झालं. अमक्याचा धंदा 'फिनसॅक झाला', म्हणजे कर्जात गेला, हप्त्यात संपला, लिलावात निघाला. ज्यांनी कारखान्यासाठी, गोदामासाठी, शेतीच्या यंत्रांसाठी कर्ज घेतलं होतं, त्यांची मुद्दल फिटण्याऐवजी चढत्या व्याजाने अनेक पटींनी फुगली. ही थकीत कर्जं २००२ मध्ये एका अमेरिकी वसुली व्यवसायाला विकली गेली. त्याच वर्षी नॅशनल कमर्शियल बँक कॅनडास्थित मायकेल ली-चिन यांच्या कंपनीने घेतली. आकडेवारीत या सगळ्याची नोंद 'पुनर्रचना' अशी होते. माझ्या मते तिथे जमैकातल्या देशी उद्योजकांची एक अख्खी पिढी संपली. त्यांची मुलं बँकेकडून धंद्यासाठी कर्ज घ्यायला घाबरली, बँकाही त्यांना द्यायला घाबरल्या.

आणि बँकांना घाबरण्याची चैन परवडत होती, हा पुढचा भाग. बुडीत संस्था सावरण्यासाठी दिलेले रोखे अखेर सरकारच्या डोक्यावर आले. सरकार कर्जात बुडालं आणि ते कर्ज चालवायला आणखी रोखे काढत गेलं. रोख्यावर दोन आकडी व्याज, जोखीम शून्य धरलेली, त्यासाठी भांडवल बाजूला ठेवायला नको. कर्जाच्या टेबलावर बसलेल्या कुणालाही विचारा: एकीकडे शंभर छोटे अर्ज, प्रत्येकाची पाहणी, हिशेब, जामीनदार, वर्षभराचा पाठपुरावा, आणि दुसरीकडे एका सहीत होणारी रोखेखरेदी. व्यवस्थापक काय निवडेल? जवळपास पंधरा वर्षं जमैकातल्या बँकांच्या नफ्याचा मोठा आधार सरकारचं व्याज हा होता. एका टप्प्यावर सरकारच्या कर महसुलातला निम्म्याहून अधिक पैसा व्याजात जात होता. शाळेतल्या मास्तराचा कर बँकेच्या नफ्यात जमा होत होता, आणि तीच बँक त्याच्या भावाला वर्कशॉपसाठी कर्ज देत नव्हती.

या काळात झालेलं एक नुकसान ताळेबंदात दिसत नाही. धंदा पारखण्याचं कसब गेलं. अर्जदाराच्या दुकानात अर्धा तास बसून माल फिरतो की पडून राहतो हे ओळखणारा, पीक बघून उत्पन्नाचा अंदाज बांधणारा अधिकारी प्रशिक्षणाच्या वर्गात तयार होत नाही, तो वर्षानुवर्षं बऱ्या-वाईट कर्जांतून तयार होतो. पंधरा वर्षं रोखेच घेतले तर तो माणूसच घडत नाही. व्याजदर एका बैठकीत खाली आणता येतात, हे कसब परत यायला एक पिढी जाते.

२०१० आणि २०१३ मध्ये सरकारने देशांतर्गत रोखे दोनदा बदलून घेतले. मुद्दल कापली नाही, पण व्याज कमी आणि मुदत लांब. जवळपास सगळे रोखेधारक सामील झाले. मे २०१३ मध्ये नाणेनिधीशी करार झाला, व्याज सोडून बाकी हिशेबात देशाच्या उत्पन्नाच्या साडेसात टक्के शिल्लक दाखवायचं कठीण लक्ष्य सरकारने घेतलं. नोकरदारांचे पगार गोठले. करारावर नजर ठेवायला उद्योजक, कामगार संघटना आणि सरकार यांची संयुक्त समिती बसली. २०१६ मध्ये सत्ता बदलली, शिस्त बदलली नाही. देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास १४५ टक्के असलेलं कर्ज मार्च २०२४ पर्यंत ७५ टक्क्यांच्या खाली आलं. वादळं आणि महामारी पचवून एका लहान देशाने हे केलं, त्यासाठी सामान्य नोकरदाराने वर्षानुवर्षं पोटाला चिमटा घेतला. म्हणूनच त्याचं फळ कुणाला मिळालं, हे विचारणं भाग आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये मध्यवर्ती बँकेचा धोरण दर, म्हणजे बाकी व्याजदरांना दिशा देणारा तिचा दर, अर्धा टक्का इतका खाली आला आणि दोन वर्षं तिथेच राहिला. बँकांकडे रोख्यांतून सुटलेला पैसा होता. खासगी कर्ज खरोखर वाढलं. पण त्यातला फार मोठा वाटा घरगुती कर्जांचा: घर, वैयक्तिक खर्च आणि गाडी. गाडी म्हणजे बहुतेक वेळा जपानमधून आलेली वापरलेली गाडी. गाडी आयात, तेल आयात, सुटे भाग आयात. कुणी गाडी घेऊ नये असं मी म्हणत नाही. घाटरस्त्यांवर दाटीवाटीच्या टॅक्सीत बसून कामावर जाणाऱ्या नर्सला ती हवीच. पण देशाची बचत या मार्गाने गेली की ती डॉलर होऊन बाहेर जाते, परत यायला काही उगवत नाही. १८८९ मध्ये बँक खाऱ्या माशाच्या आयातीला पैसा पुरवत होती, आज गाडीच्या.

बँकेकडे विचारलं तर ती कंजूष नाही, सावध आहे असं उत्तर येईल, आणि ते खोटं नाही. गाडीवर बोजा चढवता येतो, हप्ता पगारातून कापता येतो, गाडी ओढून नेता येते. सेंट एलिझाबेथच्या शेतकऱ्याच्या जमिनीचं काय करायचं? ती बहुधा 'कुटुंबाची जमीन' असते. मुक्त झालेल्या पणजोबाने घेतलेली, त्याच्या सगळ्या वंशजांची, न वाटलेली आणि अनेकदा नोंदच न झालेली. एक वारस किंग्स्टनला, दोन लंडनला, एक टोरोंटोला, आणि कसणारा भलताच. आपल्याकडे सातबाऱ्यावर अकरा नावं आणि त्यातली चार मयत, वारसनोंद राहिलेली, अशा गटावर पीककर्ज मागायला गेलेल्याला हे चित्र ओळखीचं वाटेल. जमैकात जमीन नोंदणीचा आधुनिक कायदा १८८९ चा आहे, तरी ग्रामीण जमिनीचा मोठा हिस्सा अजून त्याच्या बाहेर आहे. आणि ही जमीन विकायची नसते, हाच तिचा अर्थ. तिथे पूर्वजांची थडगी आहेत, ब्रेडफ्रूटचं झाड आहे, परदेशी गेलेल्याला हरल्यावर परतायला जागा आहे. तिचे तुकडे करून प्रत्येकाला गहाणयोग्य कागद द्या, असं सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. फिनसॅकच्या काळात गहाण मालमत्तेचं काय झालं, ते या लोकांनी पाहिलेलं आहे.

मग जमीन न घेता कर्ज द्यायला शिका. २०१४ पासून जमैकात जंगम मालमत्तेच्या तारणाचा कायदा लागू आहे. यंत्र, माल, पीक, येणं असलेली बिलं, यांवर बोजा नोंदवता येतो. कायदा चांगला आहे, पण बँकेला यंत्राची किंमत करता आली पाहिजे आणि ते विकायला बाजार हवा. डेव्हलपमेंट बँक ऑफ जमैकाची कर्जहमी योजना २००९ पासून आहे. तीही चांगली, पण तिच्याखाली लहान शेतकरी आणि शंभर चौरस फुटांचं वर्कशॉप चालवणारा सर्रास आले पाहिजेत. १९४० च्या दशकापासून वाढलेल्या क्रेडिट युनियन आहेत. त्या आपल्या पतसंस्थांच्या चुलत बहिणी, त्यांच्या शाखा आणि माणसं गावोगाव पोचलेली. हमीचा पैसा मोठ्या बँकांच्या दारातून खाली झिरपण्याची वाट पाहण्यापेक्षा तो थेट या संस्थांमार्फत जावा, असं मला वाटतं. आणि पार्टनरमध्ये पंधरा वर्षं एकही हप्ता न चुकवलेल्या बाईची शिस्त कर्ज माहिती कंपनीच्या नोंदीत तिची पत असल्याचा पुरावा म्हणून धरली जावी. अर्थात तिची संमती घेऊनच, कारण पार्टनरची ताकद तिच्या खासगीपणातही आहे.

आक्षेप मला ऐकू येतो. बँकांना कुणाला कर्ज द्यायचं हे सरकारने सांगायला लागायचं का? भारतात बँकांच्या कर्जातला ४० टक्के वाटा प्राधान्य क्षेत्राला आणि त्यात १८ टक्के शेतीला, असा नियम आहे. त्याने खेड्यात शाखा गेल्या हे खरं, आणि उद्दिष्ट पुरं करण्यासाठी कागद रंगवले गेले, कर्जमाफीच्या आशेने परतफेड लांबली, हेही आपण महाराष्ट्रात जवळून पाहिलं आहे. जमैकात दोन-तीन बँकांच्या हाती बहुतेक ठेवी असताना असा कोटा लादला तर त्या उसाच्या मोठ्या मळ्याला कर्ज देऊन शेतीचा रकाना भरतील. म्हणून मी कोटा मागत नाही. पण कोटा नको याचा अर्थ बँकेने काहीही करावं असाही होत नाही. ठेवींवर नाममात्र व्याज देऊन कर्जावर दोन आकडी घेणारी, संकटात सगळ्या देशाने कर भरून वाचवलेली बँक ही केवळ भागधारकांची खासगी बाब नाही. कुठल्या परगण्यातून किती ठेवी घेतल्या आणि त्याच परगण्यात किती कर्ज दिलं, किती लहान अर्ज आले, किती आणि कशासाठी नाकारले, हे तिने दरवर्षी जाहीर केलं पाहिजे. एवढंही आज लोकांसमोर नाही.

राहिली जोखीम. जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळ जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याला घासून गेलं आणि सेंट एलिझाबेथमधली शेती आडवी झाली. लोक उभे राहत होते तोवर २८ ऑक्टोबर २०२५ रोजी पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचं मेलिसा चक्रीवादळ शेजारच्या वेस्टमोरलंडमध्ये जमिनीवर आलं. ज्या शेतकऱ्याला बँक दारात उभं करत नाही, त्याच्याबद्दल तिचं पहिलं कारण हेच असतं: वादळ आलं तर? पण वादळाची जोखीम विकता येते, हे जमैकाच्या सरकारनेच करून दाखवलं आहे. २००७ पासून कॅरिबियन देशांचा सामायिक आपत्ती विमा आहे. वाऱ्याचा जोर आणि पावसाचं माप ठरलेल्या आकड्यापुढे गेलं की पंचनाम्याशिवाय पैसे मिळतात. त्याच्या जोडीला सरकारने जागतिक बाजारात आपत्ती रोखे काढले, म्हणजे ठरलेल्या मापाचं वादळ आलं की गुंतवणूकदारांचा पैसा सरकारला मिळतो असे रोखे, आणि मेलिसानंतर त्यांतून १५ कोटी अमेरिकी डॉलर तिजोरीत आले. तिजोरीला जे कवच आहे, ते गिनी गवत अंथरणाऱ्याला नाही. वाऱ्याच्या मापावर चालणारा तोच विमा एक-दोन एकरांपर्यंत उतरवा, त्याचा सुरुवातीचा हप्ता सरकारी व्याजात वाचलेल्या पैशातून भरा, आणि विम्याचा तो कागद कर्जाला तारण म्हणून धरायला बँकांना सांगा. सेंट एलिझाबेथमध्ये नवी लावणी करायची तर पैसा याच हंगामात लागणार आहे.